चांगल्या बाजूचं माप

सिटी बसमध्ये त्या माणसाचं कोपर माझ्या डाव्या बाजूला बसलं, तेव्हा मला काहीच कळलं नाही. कळलं ते त्याला. सात रस्त्याच्या वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, उभी होती ती सगळी माणसं पुढं कलंडली, आणि हा माझ्याहून वयानं मोठा, पांढऱ्या टोपीतला माणूस चटका बसल्यासारखा मागं सरला. "चुकलं ताई, लई चुकलं. गाडीनं गचका दिला की," असं तो दोनतीनदा म्हणाला. आजूबाजूच्या बायकांनी त्याच्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की बिचाऱ्यानं पुढच्याच स्टॉपवर उतरून घेतलं. त्याला तिथं उतरायचं नसणार. मी तोंड वाईट केलं, पदर ओढून घेतला, बाईनं अशा वेळी जे करायचं ते सगळं केलं. फक्त थोडं उशिरा केलं. त्याचं कोपर माझ्या ब्लाउजमधल्या मोहरीच्या पिशवीत रुतलं होतं. मला खिडकीतून हाक मारून त्याला सांगावंसं वाटलं, की अहो काका, काही झालेलं नाही, तिथं कुणी राहत नाही. पण असलं काही सांगता येत नाही. तो माणूस आज घरी जाऊन जेवताना गप्प बसेल, त्याची बायको विचारेल काय झालं, आणि तो काही नाही म्हणेल. माझ्यामुळं आणखी एका घरात न बोलण्याची भर पडली, असं मनात येऊन मला फार थकल्यासारखं झालं. दवाखाना अजून लांब होता आणि बसायला जागा मिळत नव्हती.

मोहरीची पिशवी सासूबाईंनी केलेली. छातीच्या गाठीचं ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा मी ब्लाउजमध्ये कापूस भरत असे. कापूस हलका, हात वर केला की गळ्याशी येई. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना विडे देताना तो पार काखेत जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत मी दंड अंगाशी दाबून हिंडले. सासूबाई बघत होत्या. सासूबाईंची, म्हणजे बसम्मांची, नजर आता अधू झाली आहे, पण जे बघायचं ते त्या बघतातच. माझी मुलं तान्ही असताना डोक्याला आकार यावा म्हणून केलेली मोहरीची उशी त्यांनी ट्रंकेतून काढली, उसवली, जुन्या मऊ धोतराची पिशवी शिवली आणि मला न्हाणीत बोलावलं. काही न विचारता माझ्या चांगल्या बाजूखाली तळवा धरला, भाजीवाली हातावर वांगी जोखते तसा. मग पिशवीत आणखी मूठभर मोहरी घातली, पुन्हा तळव्यावर तोलली. "सरि," त्या म्हणाल्या. "आता बरोबर झालं बघ. बाईला वजन दोन्हीकडं पायजे, न्हायतर पाठ जाती." एवढंच. डॉक्टर-नर्स सोडले तर त्यानंतर माझ्या अंगाला लागलेला हात तो एकच. मोहरी गुणी आहे. मी बसले की बसते, वाकले की वाकते. फक्त उन्हाळ्यात तिचा वास येतो. शेजारच्या सुंदरम्मांनी एकदा विचारलं, "लोणचं घातलंय का ओ?" आणि मी हो म्हणून बसले. मग खरंच घालावं लागलं.

मुंबईच्या डॉक्टरांचं यजमानांनी काढलं. माझे यजमान तिप्पण्णा सुताचे व्यापारी. मुंबईला त्यांचं जाणंयेणं असतं. तिथं कुणा दलालाच्या बायकोचं माझ्यासारखंच झालं होतं आणि तिनं परदेशातून आलेली पिशवी आत बसवून घेतली होती. ते डॉक्टर महिन्यातून एकदा सोलापुरातही येतात. हे सगळं यांनी एका दमात, भाकरी मोडता मोडता, ताटाकडं बघत सांगितलं. "करून घ्यायचं का मग? सोय हाय आता." मी बघू म्हणाले आणि आमटी वाढली. सोय या शब्दापाशी मात्र मी बराच वेळ अडकून राहिले. दोन वर्षं हा माणूस भिंतीकडं तोंड करून झोपतो. सुरुवातीला वाटलं, जखमेला धक्का लागू नये म्हणून असेल. जखम भरली, टाके सुकले, हात पुन्हा वर जायला लागला, तरी तोंड भिंतीकडंच. त्या पाठीवरचा तीळ न् तीळ मी आता ओळखते. तेव्हा सोय कुणाची ते मला कळलं. यांना माझ्याकडं वळता यावं, त्याची सोय. राग यायला हवा होता, आला नाही. राग धरून ठेवायलाही अंगात काही लागतं. मी मनाशी एवढंच ठरवलं, की बसवून घेऊ. बसवल्यावर हा माणूस वळला तर कळेल, नाही वळला तरी कळेल. एकदाचं कळू दे.

पहिल्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर बसले होते तेव्हा एक नर्स येऊन म्हणाली, "नसबंदीच्या ना तुम्ही? तिकडं रांग आहे." भिंतीवर सगळीकडं लाल त्रिकोण रंगवलेले, आणीबाणीचे दिवस, चाळिशीकडं आलेली बाई दवाखान्यात दिसली की दुसरं काय समजणार? मी नाही म्हटलं, तर तिनं मला चुकार पोरीकडं बघावं तसं पाहिलं. मुंबईचे डॉक्टर मात्र बोलायला गोड. पडद्याआड मला तपासून झालं, मग त्यांनी टेबलावर टॉवेल अंथरला आणि पेटीतून तीन पिशव्या काढून ओळीनं मांडल्या. लहान, मधली, मोठी. सोललेल्या ताडगोळ्यासारख्या, तशाच धुरकट आणि गार. "या नमुन्याच्या आहेत. घरी न्या, ब्लाउजच्या आतून घालून वावरा, स्वयंपाक करा, जिने चढा. आणि पुढच्या खेपेला कुठली ते मला सांगा. शेवटी ते नैसर्गिक दिसलं पाहिजे." नैसर्गिक हा शब्द ते फार वापरतात. मी तिन्ही टॉवेलात गुंडाळून भाजीच्या पिशवीत घातल्या आणि वर कोथिंबीर ठेवून घरी आले.

मला आजवर कुणी कधी माप विचारलेलं नव्हतं. लग्नातला शालू आत्यानं घेतला, जोडवी मामानं आणली, बांगड्या तर कासार आपणच हात दाबून ठरवतो. गाठ लागली तेव्हाही, किती काढायचं ते डॉक्टरांनी आणि यांनी बाहेर उभं राहून ठरवलं. आणि आता एकदम माझ्यापुढं तीन पिशव्या, तूच सांग म्हणून. महिनाभर दुपारी घर झोपलं की मी न्हाणीत जाऊन एकेक घालून बघत असे. घातल्यावर क्षणभर गार लागे आणि मग अंगाची ऊब घेऊन ती मुकाट होई. मोठी घातली की मला लग्नानंतरचे दिवस आठवत. मुलगा झाला तेव्हाचेही आठवत. डावीकडंच दूध जास्त असायचं, लेकरू तिकडंच झेपावायचं, उजवीला लावलं की तोंड वळवून रडायचं. डावी माझी लाडकी. उजवीनं कायम उरलंसुरलं काम केलं, आणि उरली तीच. ती आता उतरली आहे, दोन लेकरांच्या आईची उतरावी तशी. तिच्याशी जुळेल अशी पिशवी कुठली, हे नुसत्या डोळ्यांनी मला काही केल्या ठरेना.

ठरवलं शेवटी लिंगानं. आमच्यात, लिंगायतांत, बाईच्याही गळ्यात लिंग असतं, चांदीच्या छोट्या डबीत, करडगीत, छातीच्या मधोमध, आणि ते अंगावेगळं करायचं नसतं. गाठीच्या ऑपरेशनला नेताना नर्सनं कात्रीनं दोरा कापायला घेतला, तेव्हा सासूबाईंनी तिचं मनगटच धरलं होतं. शेवटी ते माझ्या उजव्या दंडाला बांधून वरून पट्टी गुंडाळली. शुद्धीवर आल्यावर मी आधी दंड चाचपला आणि मग छाती. दंडावरचं जागेवर होतं. पण त्या दिवसापासून गळ्यातलं लिंग मधोमध राहीना. सरळ करावं, की दोन पावलांत डावीकडच्या खळग्यात जाऊन बसे, पूजेला हातावर घेताना तिथूनच उचलावं लागे. मोहरीची पिशवी लावली तरी ती खाली ओघळायची आणि वर खळगा राहायचाच. तर मी तिन्ही पिशव्या लावून न्हाणीतल्या न्हाणीत चालून बघितलं. लहानीनं ते डावीकडंच गेलं. मोठीनं उजवीकडं ढकललं. मधलीला जागच्या जागी राहिलं. मी चारदा वाकले, तरी परत मधोमध आलं. मला हसू आलं, खूप दिवसांनी. ठरलं म्हणायचं. आता मुंबईच्या डॉक्टरांना हे कारण कसं सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

ते कारण सांगायची वेळच आली नाही. बसमधून उतरून दवाखान्यात पोचले, तर हे आधीच येऊन बसले होते, तडक दुकानातून, बाहीला सुताचे पांढरे तंतू तसेच. आत गेल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. छातीवरची कातडी चिमटीत धरायला बघितली. धरता येईना. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "गंगम्माबाई, कुठली आवडली?" मी मधल्या पिशवीवर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली. "ही मावणार नाही. तुमची कातडी ऑपरेशननंतर दिलेल्या किरणांच्या शेकामुळं घट्ट झाली आहे, खालचा स्नायूही काढलेला. लहानच बसेल." मग त्यांनी कागदावर बाईची छाती काढली, डोकं नसलेली, आणि पेन्सिलीनं दाखवायला लागले. जुन्या व्रणातूनच आत गेलं तर नवी खूण नाही, पण कातडी तिथं पातळ आहे, टाके धरतील न धरतील. खालून, जिथं घडी पडते तिथून गेलं तर खूण लपेल, पण तुम्हाला घडीच राहिलेली नाही. काखेतून जाता आलं असतं, पण तिथल्या गाठी काढलेल्या आहेत. ते सगळं नीट, न कंटाळता सांगत होते, आणि मी त्या कागदावरच्या बाईकडं बघत होते. तिला तोंड नव्हतं, म्हणून तिचं काही म्हणणंही नव्हतं.

"आणि लहान बसवली, की दुसरी बाजू मोठी दिसणार," डॉक्टर म्हणाले. "खालीही दिसणार. म्हणून तिचं थोडं काढून तिला वर उचलून घेऊ. एकाच वेळी होईल. म्हणजे दोन्ही सारख्या, अगदी नैसर्गिक."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि हात आपोआप पदराखाली उजवीवर गेला. जी चांगली आहे, जिनं दोन मुलं वाढवली, जी दुखली नाही, खुपली नाही, जिला गाठ आली नाही, तिला कापून रबराच्या पिशवीच्या मापाची करायची. खरीनं खोटीसारखं दिसायचं, म्हणजे नैसर्गिक. मी यांच्याकडं पाहिलं. हे लहान पिशवी हातात घेऊन अंगठ्यानं दाबत होते, सुताची लडी दाबून बघतात तशी. मला वाटलं, आता भावच विचारतील.

डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं. "तुम्ही सांगा ना. घरी वावरताना, साध्या कपड्यात, तुम्हाला फरक कितपत जाणवतो?"

हे दचकले. पिशवी टेबलावर ठेवली, घसा साफ केला. "तसं काय न्हाय. उजवीकडं जरा बसल्यावानी दिसतंय. पर उजवीच काढली न्हवं, मग तेवढं दिसनारच की."

डॉक्टरांचा पेन्सिलीचा हात थांबला. नर्सनं माझ्याकडं पाहिलं आणि पटकन खिडकीबाहेर पाहायला लागली. "डावी," डॉक्टर हळूच म्हणाले. "व्हय, व्हय. डावी," हे म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. बसमधल्या माणसाची मला कीव आली होती. यांची आली नाही. मला कशाचंच काही वाटलं नाही. विचार करून सांगतो, असं डॉक्टरांना कुणीतरी सांगितलं. ती मीच असणार.

टांग्यात आम्ही पाठीला पाठ लावून बसलो, हे पुढं टांगेवाल्याजवळ, मी मागं, पाय सोडून. रस्ता माझ्यापासून लांब लांब जात होता. नव्या पेठेतली दुकानं, चादरींचे गठ्ठे लादलेली हातगाडी, गिरणीची पाळी सुटून सायकलींवर निघालेली माणसं. मला वाटत होतं, दोन वर्षं मी या माणसाच्या वळण्याची वाट पाहिली. त्याला नको वाटत असेल, किळस येत असेल, भीती वाटत असेल, सगळं मनाशी धरून पाहिलं. पण किळस यायलासुद्धा एकदा बघावं लागतं. आपली बायको कुठल्या बाजूला कापली आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी मी महिनाभर न्हाणीत वाकून वाकून माप काढत होते. म्हणजे विचारायचं होतं त्याचं उत्तर मला ऑपरेशनशिवायच मिळालं. बरंच झालं, एक चीर वाचली. असं म्हणून बघितलं, पण बरं काही वाटेना. बाळीवेशीत उतरताना हे हात द्यायला आले. मी हात न घेता उतरले.

घरी कुणी नव्हतं. सासूबाई अक्कलकोटला नणंदेकडं, मुलं शाळेत. मला वाटलं होतं, हे उंबऱ्यावरूनच दुकानात जातील. पण ते माझ्यामागं खोलीत आले आणि पलंगाच्या कडेवर, पाहुण्यासारखे, टोपी हातात धरून बसले.

"चांगल्या बाजूला मी डाक्टरला हात लावू देनार न्हाय," मी म्हणाले.

"नगं की. मी कुटं म्हनलो लावू दे म्हनून?"

"आनि दुसरीचं तर तुमाला काय पडलंय? कुटली गेली तेबी ठावं न्हाय तुमाला."

त्यांनी टोपीची घडी घातली, मोडली. "ठावं हाय," ते म्हणाले. "दवाखान्यातनं तुला आनायला मीच आलतो न्हवं? डावा हात उचलत न्हवता तुजा. पानी बी मी पाजलं. ठावं कसं नसंल?"

"मग उजवी कशी आली तोंडात?"

"डाक्टरनं इचारलं, तवा डोळ्याम्होरं आलं ते बोललो. मला रोज उजवीकडंच दिसतंय ते."

"रोज? तुमी तर भिंतीकडं बघत झोपता."

त्यांनी मान वर न करता हनुवटीनं दाखवलं. खोलीत कपाट आहे, दाराला आरसा लावलेलं, माझ्या लग्नातलं. "सकाळी," ते म्हणाले. "तू न्हाऊन येतीस आनि तितं हुबी ऱ्हातीस. तुला वाटतं मी झोपलोय. तू पाठमोरी असतीस. मला आरशातलीच दिसतीस."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. मी आरशासमोर, पाठ यांच्याकडं. आरशातली बाई तेवढी यांच्याकडं तोंड करून उभी, आणि तिची पडकी बाजू उजवी. यांनी दोन वर्षं तीच पाहिली होती. मी इथं उभी असायचे, आरशातली ती तिथं, आणि हे त्या बाईकडं बघत पडून असायचे, डोळे अर्धे मिटून, माझी चाहूल लागली की पुन्हा भिंतीकडं.

"काय बघत व्हता?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"तू तितं हात ठेवून हुबी ऱ्हातीस. लई येळ. मला वाटायचं, हिला ते परत पायजे. बोलवत न्हाय तिला. म्हनून मुंबईचं काढलं मी. माज्यासाटी न्हवं."

"आनि मला हाक मारायला काय झालतं?"

"तू पाठ करून हुबी. मला वाटलं, मला दाखवायचं न्हाय तुला." त्यांनी टोपीच्या घडीवरून बोट फिरवलं. "रोज वाटायचं, आज वळंल."

मला राग आला. आता आला, दोन वर्षांचा, सगळा एकदम. यांच्यावर, माझ्यावर, दोघांनी न बोलता घालवलेल्या इतक्या सकाळींवर. आणि रडूही आलं. दोन्ही एकदम करण्याएवढी ताकद अंगात नव्हती, म्हणून मी नुसती उभी राहिले. बाहेर कल्हईवाला ओरडत गेला. दुपारचं ऊन फरशीवर पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. मी दाराची कडी घातली. पदर काढला, ब्लाउजचे हूक काढले. खालचा हूक निघता निघेना. यांनी उठून मदत केली नाही, ते बरं केलं. पिशवी काढून खुर्चीवर ठेवली. मग कपाटाकडं पाठ केली आणि उजेडात, यांच्यासमोर, हात खाली सोडून उभी राहिले. कातडी तिथं तांबूस, ताणलेली, मधून आडवा व्रण, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मी यांच्या डोळ्यांकडं बघत होते. ते कुठं वळतात, कधी खाली जातात, ते मला बघायचं होतं.

ते वळले नाहीत. हळूहळू त्या व्रणावरून इकडून तिकडं गेले, परत आले, आणि तिथंच राहिले. यांच्या हातातली टोपी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"डावीच की गं," ते म्हणाले.